एका ओळीतला महाराष्ट्र

गोरेगावचा माणूस महाराष्ट्रात कुठेही गेला आणि त्याने गावाचं नाव सांगितलं, की समोरचा लगेच विचारतो, "ईस्ट का वेस्ट?" आमच्या पूर्वेला आमगाव आणि पश्चिमेला तिरोडा. मधे लोकल धावत नाही, चित्रनगरी नाही, आणि फ्लॅटचे भाव ऐकून घेरी यावी अशीही सोय नाही. आमचं गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं. गोंदियाहून कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागलं की येतं. तालुक्याचं ठिकाण आहे, पण हे सगळं सांगून होईपर्यंत विचारणाऱ्याचं स्टेशन आलेलं असतं. बरं, मुंबईचं एकच गोरेगाव आडवं आलं असतं तर सोसलं असतं. रायगडात माणगाव तालुक्यात एक गोरेगाव आहे, हिंगोलीत सेनगाव तालुक्यात आणखी एक. म्हणजे भाऊबंदकी चांगली पसरलेली आहे.

या भाऊबंदांतून आमचं नेमकं गोरेगाव निवडून काढण्याचं काम माझ्या भाच्याच्या वाट्याला आलं. तो घरी बसून कुठल्याशा कंपनीसाठी डेटा साफ करतो. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, शेजारणींना सांगते, "तो कॉम्प्युटरात झाडझूड करते." शेजारणींना ते पटतं, कारण घरातला झाडू त्याने कधी हाती धरलेला कोणी पाहिलेला नाही, कुठेतरी धरत असणारच.

कंपनीने फाइल पाठवली ती १४ जीबीची. महाराष्ट्रभरचे दुकानदार, त्यांची नावं, पत्ते, फोन. त्यातले गोरेगाव तालुक्यातले वेगळे काढून द्यायचे. भाच्याच्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी. मला यातलं काही कळत नव्हतं तरी १४ आणि ८ हे आकडे कळत होते, आणि मी तशी शंका काढलीही. भाचा हसला. "मामाजी, फाइल रॅममध्ये घ्यावी लागत नाही. ग्रेप आहे."

ग्रेप हे नाव ऐकून मला द्राक्षं आठवली. पण हा ग्रेप म्हणजे काळ्या पडद्यावर टाइप करायची एक कमांड. शब्द द्यायचा, फाइल द्यायची, तो शब्द असलेल्या ओळी छापून देतो. ना खिडकी, ना चित्र, ना 'तुम्हाला आमची सेवा कशी वाटली?' केन थॉम्प्सन नावाच्या माणसाने बेल लॅब्जमध्ये १९७३च्या सुमाराला लिहिला. आणि लिहिला कशासाठी, तर रॅम पुरत नव्हती म्हणून! तिथल्याच ली मॅकमहन यांना 'फेडरलिस्ट पेपर्स'चा अभ्यास करायचा होता. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूने १७८७-८८मध्ये हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे या तिघांनी एकाच टोपणनावाने लिहिलेले हे ८५ निबंध. त्यांतला कोणता कोणाचा हे शब्दांच्या वापरावरून हुडकायचं होतं. सगळा मजकूर मिळून एक मेगाबाइटच्या आसपास, आणि तेव्हाची यंत्रं किलोबाइटांत मोजायची. 'एड' नावाच्या संपादकात तेवढा मजकूर मावेना. मग थॉम्प्सननी त्या संपादकातला शोधायचा भाग तेवढा सोडवून वेगळा केला. मजकूर डोक्यात साठवायचा नाही. थोडा वाचायचा, बघायचा, विसरायचा, पुढे जायचं. परीक्षेच्या आदल्या रात्री आम्हीही हेच करायचो, पण आमचं नाव कुठल्या मॅन्युअलमध्ये लागलं नाही.

तर भाच्याने ग्रेप टाइप केलं, पुढे 'गोरेगाव', पुढे फाइलचं नाव, आणि एंटर मारून तो चहा प्यायला बाहेर आला. चहा अर्धा झाला तोच खोलीतून पंख्याचा आवाज यायला लागला. छताचा पंखा बंद होता. आत गेलो तर लॅपटॉप विमानतळावर उभा असल्याच्या थाटात घरघरत होता आणि माउसचा बाण अंगात आल्यासारखा मधूनच हलत होता.

"खाऊन राह्यलं जी," भाचा म्हणाला.

"काय?"

"रॅम. सात जीबी खाल्ली."

थोड्या वेळाने पडद्यावर एक ओळ उमटली. ग्रेपने इंग्रजीत दोन शब्दांत कळवलं होतं की मेमरी संपली. गोरेगाव सापडलं का नाही, याबद्दल अवाक्षर नाही.

अशा प्रसंगी घरात सल्लागार किती आहेत ते कळतं. थोरल्या जावयांनी फोनवरून सांगितलं, "रॅम वाढवून घ्या." गोंदियाच्या दुकानदारालाही तेच वाटलं, त्याला तसं नेहमीच वाटतं. एका गुरुजींनी एक्सेलमध्ये उघडायला सांगितलं. एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात हे त्यांना पाठ होतं, आणि ते अशा अभिमानाने सांगत होते की त्यांतल्या निम्म्या त्यांनी स्वतः आखल्या असाव्यात. बहीण म्हणाली, बंद करून चालू कर. यातला शेवटचा सल्ला भाच्याने ऐकला, कारण तो ऐकल्याशिवाय लॅपटॉप दुसरं काही ऐकत नव्हता.

मग त्याने फाइलची चौकशी आरंभली, जी आधी करायला हवी होती असं मी म्हणणार होतो, पण मामा असण्याच्या काही मर्यादा असतात. डब्ल्यूसी म्हणून एक कमांड आहे. (नावाला हसू नका, ती शब्द मोजते.) तिला ओळी मोजायला सांगितल्या. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: शून्य.

१४ जीबीची फाइल आणि ओळी शून्य! भाचा बघत राहिला. मी म्हणालो, रिकामी आहे, कंपनीला परत पाठव. पण डब्ल्यूसी ओळी मोजत नाही, ओळ संपल्याची खूण मोजते. एंटर मारला की फाइलीत जी न दिसणारी खूण पडते, तेवढीच तिच्या हिशेबात. ती खूण या फाइलीत एकदाही नव्हती. सगळा महाराष्ट्र, छत्तीसचे छत्तीस जिल्हे, एका ओळीत. एकदाही एंटर न मारता कोणीतरी, म्हणजे कुठल्यातरी प्रोग्रामने, एका दमात ओकून ठेवला होता.

इथे मला ग्रेपचा दोष दिसेनासा झाला, आणि तो का ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला लागत नाही. दिवाळीनंतर आधारभूत केंद्रावर धान येतं. धान म्हणजे ढीग, पण केंद्र ढीग घेत नाही, कट्टे घेतं. चाळीस किलोचा कट्टा काट्यावर ठेवला, वजन झालं, उचलला, पुढचा. हमालाला एका वेळी एका कट्ट्याचं ओझं. दिवसभरात ट्रक भरला तरी त्याची पाठ चाळीस किलोचीच असते. आणि कुठल्यातरी वर्षी पेपरात बातमी येते: बारदाना संपला. धान आहे, काटा आहे, हमाल आहे, ग्रेडर खुर्चीवर आहे, पण रिकामी पोती नाहीत. मग सगळं थांबतं. ग्रेपचा कट्टा म्हणजे ओळ. तो फाइलीतून ३२ किंवा ९६ किलोबाइट, आवृत्ती असेल तसा, एक घास घेतो, त्यात शेवटची ओळ कुठे संपली ते बघतो, तिथवर शोधतो आणि जागा मोकळी करून पुढचा घास घेतो. ओळ संपलेलीच नसेल, तर बिचारा म्हणतो, संपेल पुढे; आणि जागा दुप्पट करतो. तरी संपली नाही, पुन्हा दुप्पट. कारण त्याचा शब्द आहे की सापडलं तर पूर्ण ओळ दाखवीन, आणि पूर्ण ओळ दाखवायची तर पूर्ण ओळ हातात पाहिजे. बारदान्यावाचून अख्ख्या जिल्ह्याचं धान एकट्या हमालाच्या पाठीवर चढत राहिलं, तर पाठ मोडेल तेव्हा हमालाला खादाड म्हणून चालेल का?

जुन्या काळचा ग्रेप असा फसला नसता. त्याच्याकडे ओळीसाठी ठरावीक लांबीची जागा असायची. लांब ओळ आली की तो कापायचा किंवा हात वर करायचा. पुढे ग्नू प्रकल्पवाल्यांनी सगळी अवजारं नव्याने लिहिली, तेव्हा तत्त्व ठरवलं की उगाच कसल्या मर्यादा घालायच्या नाहीत. ओळ असेल तेवढी लांब घ्यायची, जागा लागेल तशी मागायची. तत्त्व उदात्त आहे. उदात्त तत्त्वांचं बिल नेहमी दुसऱ्याच्या घरी येतं, या खेपेला ते माझ्या बहिणीच्या घरी आलं. पोझिक्स नावाचं एक प्रमाण आहे, ते म्हणतं, अवजाराने २,०४८ बाइटांची ओळ तरी सांभाळली पाहिजे. देवनागरीतल्या एकेका अक्षरचिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे मराठीची पावणेसातशे-एक चिन्हं. आमच्या शासन निर्णयातलं पहिलं वाक्य तेवढ्यात बसेलच अशी हमी कोणी देऊ नये.

गुरुजींचा एक्सेलचा सल्ला मात्र नियमात बसत होता, हे मान्य केलं पाहिजे. दहा लाख ओळींची मुभा आणि आमची ओळ एकच. पण एक्सेलच्या एका चौकटीत ३२,७६७ अक्षरांपलीकडे मावत नाही. आमच्या ओळीला तेवढ्यात दुकानांची शटरंही उघडता आली नसती.

दुसऱ्या दिवशी भाच्याने 'हेड' चालवून पाहिलं. हेड म्हणजे फाइलीच्या पहिल्या काही ओळी दाखवणारी कमांड. त्याने नम्रपणे एकच ओळ मागितली. ती मिळाली. इंग्रजी अक्षरांतल्या अहमदनगरपासून सुरू झालेला महाराष्ट्र पडद्यावरून पळायला लागला. (फाइल जुनी होती, अहिल्यानगर व्हायच्या आधीची.) औरंगाबाद गेलं, भंडारा गेलं. "गोंदिया आलं का बघ," मी म्हणालो. पण त्या वेगात गोंदिया ओळखणं म्हणजे न थांबणाऱ्या गाडीतून स्टेशनची पाटी वाचणं. भाच्याने कंट्रोल आणि सी दाबून गाडी थांबवली, आणि या खेपेला 'पहिली ओळ' न मागता 'पहिले पाचशे बाइट' मागितले. तेव्हा कुठे फाइलचा चेहरा दिसला. दुकानदारामागून दुकानदार, प्रत्येकाची माहिती महिरपी कंसात कोंबलेली. कंस उघडला, नाव, पत्ता, पिन, फोन, कंस मिटला, स्वल्पविराम, पुढचा.

आता कुठे बारदान्याची सोय झाली. टीआर नावाची एक दोन अक्षरी कमांड आहे; ती एका चिन्हाच्या जागी दुसरं चिन्ह ठेवते आणि बाकी जगाशी संबंध ठेवत नाही. मिटणारा प्रत्येक महिरपी कंस काढून तिथे ओळ संपल्याची खूण टाक, असं तिला सांगायचं आणि तिच्यातून जे निघेल ते सरळ ग्रेपच्या तोंडात सोडायचं. टीआरला ओळ किती लांब याचं सोयरसुतक नसतं. तिला ओळ हा प्रकारच माहीत नाही. चिन्हं येतात, चिन्हं जातात. रॅमचा काटा जिथल्या तिथे राहिला. पंखा गप्प. भाचा बोटांनी टेबलावर ताल धरून बसला. काही मिनिटांत अख्खी फाइल दोघांच्या हातून गेली.

आणि काहीच आलं नाही.

ग्रेपला काही सापडलं नाही तर तो 'सापडलं नाही' असंही म्हणत नाही. आमच्याकडे लग्नाच्या स्थळाला नकार असा देतात: पत्र येत नाही, त्यातून समजून घ्यायचं. मी म्हणालो, बघ, आपलं गोरेगाव वगळलं असणार. पण आपलं काय, मुंबईचंही नव्हतं. सगळेच गोरेगाव गायब. आता मात्र माझाही जीव वर आला. चित्रनगरीसकट गाव जातं कुठे?

पाचशे बाइट पुन्हा नीट पाहिले. त्यांत देवनागरी अक्षर एकही नव्हतं. फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामने मराठीच्या प्रत्येक चिन्हाऐवजी उलटी तिरकी रेघ, त्यापुढे इंग्रजी यू आणि चार खुणांचा युनिकोड क्रमांक, असं लिहून ठेवलं होतं. दाखवायच्या वेळी त्याचं पुन्हा मराठी होतं, पण फाइलीत बघाल तर कैद्यांचे बिल्ले. 'गोरेगाव' लिहायला सात चिन्हं लागतात. देवनागरीत त्याचे २१ बाइट, या बिल्ल्यांच्या लिपीत ४२. कंपनीची १४ जीबी कुठून आली, याचा थोडा हिशेब इथे लागला. आपल्याच राज्याची नावं दुपटीने फुगवून, एकाही जागी एंटर न मारता पाठवायची आणि वर विचारायचं, संध्याकाळपर्यंत होईल ना?

भाच्याने गोरेगावचे बिल्ले तयार करून तेही शोधले. या वेळी भरपूर सापडलं. मुंबईचे हजारोंनी, त्यात आमचे कुठेतरी. शिवाय आमचे निम्मे दुकानदार 'गोरेगांव' असं गा वर स्वार अनुस्वार देऊन लिहितात, कारण हिंदीची हद्द जवळ आहे आणि पाटी रंगवणारा पेंटर दोन्ही भाषांचा. काहींनी सरळ इंग्रजीत लिहिलं होतं, त्या इंग्रजीची तीन स्पेलिंगं. नावाने शोधण्यात राम नव्हता.

मग त्याने नाव सोडलं आणि ४४१८०१ टाइप केलं. हा आमचा पिन. नागपूरच्या होस्टेलात राहिलेल्या गोरेगावकराला हा आकडा स्वतःच्या जन्मतारखेहून पक्का असतो, कारण नावावर भरवसा ठेवलेलं त्याचं एखादं तरी पार्सल मुंबई उपनगर बघून आलेलं असतं.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. मूळचे कोकणातल्या वेळणेश्वरचे, टपाल खात्यात मोठ्या हुद्द्यावर, आणि संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे. देशात एकाच नावाची गावं ढिगाने, पत्ते लिहिणारे दहा लिप्यांतले, आणि पत्र वाटणाऱ्याला त्यांतली एखादीच वाचता येणार. त्यावर त्यांनी सहा आकडे काढले. पहिला विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल छाटणीच्या जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्टाचे. संस्कृत जाणणाऱ्या माणसाने अक्षरांवर विसंबायचं नाही असं ठरवलं, यातच त्यांना अक्षरांचा किती अनुभव होता ते दिसतं. कैद्यांच्या बिल्ल्यांत मराठी अडकली तरी आकडे जसेच्या तसे होते. ४२ बाइटांचं काम सहा बाइटांत.

ओळी भराभर उतरल्या. बहीणही बघायला आली. पहिल्याच पानावर बसस्टँडजवळचं ओळखीचं दुकान दिसलं आणि घरात आनंद झाला. त्या दुकानाची उधारी आहे हे नंतर आठवलं. मग एक कोल्हापूरचा दुकानदार निघाला. मग एक वसईचा. ४४१८०१ हे सहा आकडे ज्यांच्या मोबाइल नंबरच्या पोटात ओळीने आले होते, ते सगळे वेलणकरांना न विचारता गोरेगावचे रहिवासी झाले होते. ग्रेपला 'अख्खा शब्द असेल तरच' असं बजावता येतं. तसं बजावलं तेव्हा वसई परत गेली.

यादी रवाना झाली. सोबत भाच्याने अदबीने चार वाक्यं लिहिली: फाइल एका ओळीत असल्यामुळे शोधायला त्रास होतो, पुढच्या वेळी ओळी सुट्या केल्या तर बरं. कंपनीचं तत्काळ उत्तर आलं, आभार मानले, सुधारणा करतो म्हणाले. मला हे उत्तर जरा लवकर आल्यासारखं वाटलं.

पुढची फाइल देवरी तालुक्याची. आली ती २३ जीबीची. आता एंटर मारले होते. प्रत्येक महिरपी कंसानंतर, प्रत्येक स्वल्पविरामानंतर, आणि प्रत्येक ओळीच्या आधी वाचायला बरं दिसावं म्हणून आठ-आठ कोऱ्या जागा सोडल्या होत्या. नाव एका ओळीत, पत्ता दुसऱ्या, पिन तिसऱ्या, फोन चौथ्या. भाच्याने देवरीचा पिन टाकला. रॅम हलली नाही, पंखा बोलला नाही, आणि पडद्यावर पिन आला. त्याखाली पुन्हा पिन. त्याखाली पुन्हा. देवरीचे सगळे दुकानदार बिननावाचे, एकाखाली एक, नुसते आकडे.

बहीण दारातून म्हणाली, "सापडले ना?"

"सापडले," भाचा म्हणाला. "आता त्याहिचे नावं शोधतो."

ग्रेपला सापडलेल्या ओळीच्या वरच्या दोन ओळीही मागता येतात, हे त्याला ठाऊक होतं. पण आधी तो कंपनीला काही न कळवता चहा प्यायला उठला.